मदत हवी आहे: गिदोनाच्या लोकरीतून नेमका बोध कोणता घ्यायचा?

नमस्कार मंडळी. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या अध्याय 6 ते 8 वर (इस्राएलचा पुढारी गिदोन याची गोष्ट) वैयक्तिक मननासाठी टिपण करतेय आणि 6:36-40 पाशी, म्हणजे लढाईआधी गिदोन रात्री जमिनीवर लोकर ठेवून देवाकडे चिन्ह मागतो तिथे, गाडी अडली आहे.

पद्धत नेहमीचीच. तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचायचे, देव काय बोलतो आणि माणूस काय करतो ते वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करायचं, बोध शेवटी, तोही एकाच वाक्यात. पहिल्याच वाचनात 'यात माझ्यासाठी काय?' विचारलं की पात्राची प्रत्येक कृती आज्ञाच वाटू लागते. 'निर्णयाआधी देवाकडे चिन्ह मागा' हा बोध असाच निघतो. पण परमेश्वराने 6:14 आणि 6:16 मध्ये गिदोनाला 'जा, इस्राएलला सोडव, मी तुझ्याबरोबर असेन' असं आधीच स्पष्ट सांगितलंय, आणि 6:36 मध्ये तो स्वतःच 'तू म्हटल्याप्रमाणे' म्हणतो. म्हणजे मार्ग माहीत होता, धीर नव्हता. तरी देव रागावत नाही. पहिल्या रात्री फक्त लोकर ओली होते, ती पिळल्यावर वाटीभर पाणी निघतं, दुसऱ्या रात्री लोकर कोरडी आणि भोवतालची जमीन ओली!

मग बोध गिदोनाच्या मागणीतून काढायचा की देवाच्या सहनशीलतेतून? मला दुसरं पटतं. मात्र पुढे देव गिदोनाच्या सैन्यातली 32,000 माणसं 300 वर आणतो, तो भाग याच वाक्यात बसवावा की वेगळा ठेवावा? आणि 8:27 मधलं सोन्याचं एफोद (याजकाच्या वस्त्रासारखी वस्तू; गिदोनाने ते बनवलं आणि लोक त्याची पूजा करू लागले)? ते गाळलं तर गिदोन फारच गुळगुळीत होतो, घेतलं तर नव्या करारातल्या इब्री 11:32 मध्ये विश्वासवीरांत त्याचं नाव कसं, हे समजवावं लागतं. तुम्ही हे कसं मांडता? वचनांसकट सांगा.