बॉइंकला सगळे कोअर देणं बंद करा (पटत नसेल तर आकडे घेऊन या)

सिंहगडरोडकर
बॉइंक हा प्रोग्राम टाकून घरचा कम्प्युटर रिकामा असताना संशोधनाच्या कामाला लावणारी मंडळी इथे बरीच आहेत, म्हणून धागा काढतोय. परवा एकाने पल्सार तारे शोधणाऱ्या प्रोजेक्टबद्दल विचारलं होतं, "आइनस्टाइन ॲट होमचं जे काम पाच तासांत व्हायचं त्याला आता नऊ लागतात, बॉइंक बिघडलं का?" लगेच सल्ले सुरू: ड्रायव्हर बदल, नवीन व्हर्जन टाक, प्रोजेक्ट रीसेट कर. रीसेट! म्हणजे अर्धीमुर्धी झालेली सगळी कामं कचऱ्यात.

तापमान एकानेही विचारलं नाही. एप्रिल महिना, गच्चीखालची खोली, लॅपटॉप गादीवर आणि आठही थ्रेड जुंपलेले (प्रोसेसरचे कोअर चार, प्रत्येकाला एका वेळी दोन कामं देता येतात, म्हणून थ्रेड आठ). प्रोसेसर तापला की आपणहून वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये टक्के बघू नका, ते १०० च दिसणार. शेजारचा गिगाहर्ट्झचा आकडा बघा. ३ च्या वर पळणारा प्रोसेसर दीडवर रांगत असेल तर बॉइंकचा काय दोष?

माझं मत सरळ आहे. लॅपटॉपवर निम्मे कोअर, बास. आणि ते 'किती टक्के सीपीयू वापरायचे' या सेटिंगमधून. खालचं 'किती टक्के वेळ' हे सेटिंग हात न लावता १०० वरच राहू द्या. ते कमी केलं की बॉइंक दर थोड्या सेकंदांनी काम थांबवतं, पुन्हा सुरू करतं. तापमान वरखाली, पंख्याचा आवाजही वरखाली, रात्री झोपमोड ती वेगळीच.

आकडेमोड
तापमानाचं मान्य, निष्कर्ष अमान्य. एका कामाला किती तास लागले हा प्रश्नच चुकीचा आहे हो. दिवसाला किती कामं पुरी झाली ते मोजा. समजा चार कोअर, आठ थ्रेड. चारच कामं लावली तर प्रत्येकी ५ तास, म्हणजे २४ तासांत साधारण १९. आठ लावली तर प्रत्येकी ८ तास, पण दिवसाला २४. प्रत्येक काम रेंगाळलं तरी मशीनने जास्तच केलं ना? तुम्ही लॅपटॉपचं दुखणं सगळ्यांच्या गळ्यात मारताय. डेस्कटॉपला धड कूलर असेल आणि वर्षातून एकदा धूळ काढत असाल, तर कोअर मोकळे ठेवणं म्हणजे फुकट घालवणं.

पेठेतली_निमा
आकडेमोड, त्या ८ तासांच्या जागी ११ घाला बरं. दिवसाला १७-१८ वर आलात, चार थ्रेडपेक्षाही कमी! आणि हे घडतं. सगळी कामं प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीवर (कॅशवर) आणि रॅमवर एकदमच तुटून पडतात, त्यात रॅमची एकच पट्टी असेल तर विचारूच नका. प्रथिनांचे आकार शोधणाऱ्या रोझेटा प्रोजेक्टचं एकेक काम कधी जीबीच्या वर रॅम मागतं. ८ जीबीच्या मशीनवर अशी आठ लावलीत तर काही नुसती 'मेमरीची वाट बघतंय' म्हणत बसून राहतील. आधी दुसरी पट्टी टाका, मग ड्रायव्हरच्या मागे लागा.

ग्राफिक्स कार्डवाल्यांसाठी अजून एक. एनव्हिडियाच्या कार्डावर आइनस्टाइनचं काम चालू असलं की कार्डाकडे बघत बसायला अख्खा एक कोअर गुंततो. तो मोकळा ठेवला नाही तर महागडं कार्ड हात बांधून बसतं. म्हणजे निम्मेही नकोत, सगळेही नकोत. प्रोजेक्टनुसार ठरवा.

कसबाकर
मुळात हा उपद्व्याप कशासाठी? ८० वॅट जास्तीचे धरा, दिवसरात्र चालवलं तर महिन्याला ५८ युनिट. महावितरणच्या बिलात १०० किंवा ३०० युनिटचा टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांचा दर चढतो, ते निराळंच. जर्मनीतल्या माणसाला हिवाळ्यात ती उष्णता खोलीत हवीच असते. इथे आपण मशीन तापवायचं आणि पंखा लावून ती ऊब बाहेर घालवायची. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेकडे त्यांचं स्वतःचं क्लस्टर (एकत्र जोडलेले कम्प्युटर) आहे, सरकारी सीडॅकने १९९१ मध्ये याच गावात, पुण्यात, परम ८००० महासंगणक बांधला. तुमच्या लॅपटॉपवाचून कोणाचं अडलंय?

आकडेमोड
अडतं, कसबाकर. २०१० मध्ये आइनस्टाइन ॲट होमला पहिला रेडिओ पल्सार (गरगर फिरत रेडिओ लहरी सोडणारा तारा) सापडला, तो अरेसिबो दुर्बिणीच्या डेटात, आणि तो पकडला अमेरिका आणि जर्मनीतल्या स्वयंसेवकांच्या कम्प्युटरांनी. कोव्हिडच्या वेळी २०२० मध्ये फोल्डिंग ॲट होम हे असंच लोकांच्या कम्प्युटरांवर चालणारं प्रोजेक्ट एक्झाफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं) पुढे गेलं, तेव्हा कुठल्याही एका महासंगणकाला ते जमलं नव्हतं. बिलाचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणूनच म्हणतो, वीज जाळायचीच तर पुरेपूर काम काढून घ्या. मशीन नुसतं चालू ठेवायलाही वीज लागतेच. निम्मे कोअर लावून बिल निम्मं होत नाही.

पेठेतली_निमा
आणि काम वेळेत परत द्या! दहा दिवसांच्या कामांचा साठा भरून ठेवणारे महाभाग असतात. तेच काम पडताळणीसाठी दुसऱ्या कोणाकडेही गेलेलं असतं. त्याने बिचाऱ्याने वेळेत दिलं, तुमची मुदत टळली, की ते तिसऱ्याकडे जातं आणि पहिल्याचे गुण लटकतात. साठा एक दिवसाचा पुरे.

गुरुवारी वीज जाणाऱ्यांनी चेकपॉइंटही (झालेलं काम मधूनमधून डिस्कवर लिहून ठेवणं) बघा. दुरुस्तीसाठी वीज गेली की मागच्या चेकपॉइंटनंतरचं सगळं पाण्यात (पाणीही त्याच दिवशी बंद, पण तो वेगळा धागा). बॉइंकचं सेटिंग ६० सेकंदांचं असतं, पण तेवढ्याने भागत नाही. चेकपॉइंट कधी लिहायचा ते शेवटी प्रोजेक्टचा प्रोग्राम ठरवतो. कामाच्या 'प्रॉपर्टीज' उघडल्या की शेवटचा चेकपॉइंट कधीचा ते दिसतं.

सिंहगडरोडकर
निमाताई, कार्डासाठी कोअर मोकळा ठेवायचं पटलं. आकडेमोड, डेस्कटॉपपुरतं तुमचं चालू द्या. लॅपटॉपवर मी हटणार नाही. हिंमत असेल तर मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, आठही थ्रेड लावून गिगाहर्ट्झचा आकडा इथे टाका.

आकडेमोड
टाकतो. पण त्याच दुपारी चार थ्रेडचाही टाकणार, आणि दिवसाला पुरी झालेली कामंसुद्धा. नुसत्या गिगाहर्ट्झवर निकाल लावायचा नाही.

कसबाकर
दोघांनी वीजबिलाचा फोटोही टाका.