दारातलं डेटा सेंटर आपल्या कामाचं की फक्त आपल्या जागेवर?

घणसोलीकर:
परवा अडीच तास लाइट नव्हती. गच्चीवर गेलो तर रबाळ्याचं डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांचे सर्व्हर ठेवायची इमारत, लग्नघरासारखं उजळलेलं. त्यांचे जनरेटर सुरू झाले की दोरीवरच्या बनियनवर काळी कणी बसते. आईने सुकट वाळत घातली होती, ती अर्धी ओलीच उचलून आत आणली. बाबा याच पट्ट्यात रंगाच्या कंपनीत होते. एकेका पाळीला दीडशे माणसं, गेटाबाहेर वडापावच्या तीन गाड्या. आज त्याच प्लॉटवर कुंपण, कॅमेरे आणि चार गार्ड. १९८४ला उरणला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड पदरात पडले. आता भांडायचं कोणाशी? पाटी वाचूनही मालक कळत नाही.

सर्व्हरवाला_ऐरोली:
दादा, साडेबारा टक्के नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनींचे. हा पट्टा एमआयडीसीचा, म्हणजे औद्योगिक वसाहतीचा, त्याचा हिशेब वेगळा. आणि रंगाच्या कंपनीचं एवढं कौतुक नको, तेव्हा ठाणे-बेलापूर रोडवरून जाताना नाकाला रुमाल लागायचा. पेमेंटचा डेटा देशातच ठेवा असं रिझर्व्ह बँकेने २०१८ला सांगितलं. मग तो ठेवायचा कुठे, हवेत? सर्व्हर पाच मिनिटं बसला तर पहिली बोंब तुम्हीच माराल. माझ्या शिफ्टला नऊ जण आहोत, त्यातले दोघे गोठिवलीचे.

घणसोलीकर:
दीडशेचे नऊ झाले, हे तूच सांगितलंस!

नौपाडा_४००६०२:
तुम्ही दोघं इमारतीवरच अडकलात. इमारत निदान दिसते, तिच्या दारात मोर्चा नेता येतो. आमच्या गावदेवीतल्या भाजीवालीकडे यूपीआयचे पैसे आले की बोलून सांगणारा डबा आहे. महिन्याला त्याचं भाडं कापतात. एकदा कोथिंबिरीचे चाळीस रुपये माझ्या खात्यातून गेले आणि डबा गप्प. ती म्हणाली, ‘ताई, आलेच नाहीत,’ मी म्हटलं, ‘गेले.’ दोघी खऱ्या, आणि विचारायला माणूस नाही. यूपीआय सरकारी छत्राखालचं, पण बहुतेक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांच्या हातात. एकाची मालकी वॉलमार्टकडे, दुसरं गूगलचंच. कोणाकडेही ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत, हा नियम २०२०चा. मुदत ढकलत ढकलत २०२६च्या डिसेंबरअखेरवर नेली. अँड्रॉइडवरच्या दादागिरीबद्दल स्पर्धा आयोगाने २०२२ला गूगलला १३३७ कोटींचा दंड ठोकला. तुमच्या-माझ्या फोनमध्ये काय बदललं ते सांगा.

सर्व्हरवाला_ऐरोली:
ताई, सुट्ट्या पैशांची कटकट गेली हे तरी माना. भाजीवालीला विचारा, परत रोखीवर जाते का.

नौपाडा_४००६०२:
विचारलं. म्हणाली, ‘गिऱ्हाईक रोख आणतंय कुठे?’ याला पसंती म्हणायचं असेल तर म्हणा.

वाशी_सेक्टर_९:
सगळी चर्चा कोणाच्या तरी सर्व्हरवरच चाललीय, चालू द्या 🙏

सर्व्हरवाला_ऐरोली:
घणसोलीकर, आमच्याकडे जनरेटरचं टेस्टिंग शनिवारी सकाळी असतं. तुमच्या समोरच्यांचंही तसंच असेल. सुकट दुपारनंतर घाला.

घणसोलीकर:
म्हणजे सुकटीचं टाइमटेबलही आता कंपनी देणार. आईला सांगतो. वर काय ऐकून घ्यावं लागेल ते इथे टाकत नाही.