मामांची फियाट स्टेशन वॅगन रोज वापरायची आहे, व्हिंटेज पासिंग करू का?

हिंदवाडीचा
नमस्कार मंडळी. गडहिंग्लजला मामांकडे १९७० ची फियाट ११०० आहे. साधी नव्हे, स्टेशन वॅगन, मागं डिक्कीच्या जागी दार. बरीच वर्षं गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून आहे. इंजिन हाताने फिरतंय, पत्रा बरा वाटतोय. मामा देतो म्हणालेत. रोज बेळगावच्या उद्यमबागला (कारखान्यांचा भाग) कामाला आणि रविवारी खानापूरकडे शेतावर न्यायचा विचार आहे. नंबर जुना तीन अक्षरी, कोल्हापूरचा. एक एजंट म्हणतोय, पन्नास वर्षं झालीत, व्हिंटेज करून टाका, कुणी अडवणार नाही. करू का? आणि रोज चालेल का? सुटे भाग मिळतील का?

निपाणीकर
चालेल की. जुनं इंजिन काढून मारुतीचं टाका, कटकट मिटली.

वडगावकर
एजंटाचं ऐकू नकोस रे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेजचे नियम काढलेत. २०,००० रुपये भरून दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळतं खरं, पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच बाहेर काढायची. तू रोज उद्यमबागला जाणार म्हणजे रोज नियम मोडणार. साधं खाजगी पासिंगच ठेव, पाच-पाच वर्षांनी गाडी दाखवून रिन्यू कर.

आणि निपाणीकर, मारुतीचं इंजिन टाकायचं तर मारुतीच घ्या की! आरसीत इंजिन बदलल्याची नोंद करत फिरायचं ते वेगळंच.

माझ्याकडे हीच गाडी आहे. आमचा साड्यांचा धंदा. मागचं सीट पाडलं की गठ्ठे आरामात बसतात, वर कॅरिअर बांधायची गरज नाही. तुझ्या गाडीचं रंगकाम अजिबात काढू नकोस आत्ता. आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत आणि सगळी लाइन एकाच मास्टर सिलिंडरवर. एका चाकाचा सिलिंडर गळायला लागला की पेडल सरळ खाली जातं, मग बाकी तिघांचा उपयोग शून्य. रबरी होज, चाकातले सिलिंडर, लायनर सगळं नवं घाल. तू उद्यमबागेत काम करतोस आणि सुट्या भागांची चिंता करतोस? तिथल्या लेथवाल्यांना ड्रम टर्निंग करायला, किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) बुश करायला नमुना हातात दिला की पुरे. मुंबईहून मागवलेल्या बुशपेक्षा इथले बरे बसलेत माझ्या गाडीला. किंगपिनला ग्रीस मात्र स्वतः मार. कुणाला सांगितलंस की निप्पल पुसून ‘झालं’ म्हणतात.

मागच्या दाराचं एक सांगतो, हे साध्या फियाटवाल्यांना माहीत नसतं. एकदा लांब पाइप नेताना दार अर्धवट उघडं ठेवून दोरीने बांधलं आणि शहापूरच्या दुकानी निघालो. गाडी पळायला लागली की मागं हवेची पोकळी होते आणि सायलेन्सरचा धूर उलटा आत येतो. माझं डोकं धरलं ते धरलं, वर साड्यांना असा वास की दुकानदाराने घडी नाकाला लावली आणि माझ्याकडे बघितलं. त्या दाराचं रबर पहिल्यांदा बदल. पावसातही तेच कामाला येतं, आणि आपला पाऊस काय ते तुला सांगायला नको.

चंदगडी
काका, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय? आमची जुनी पद्मिनी हल्ली उन्हात बंद पडते.

वडगावकर
उन्हात बंद पडणं जुनंच आहे. पंप इंजिनलाच लागून, गरम झाला की पेट्रोलची वाफ होते. चोर्ला घाटाच्या चढाला पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं, गाडी आपोआप ऐकते. इथेनॉलने वाफ आणखी लवकर धरते, आणि जुन्या रबरी नळ्या, पंपातला पडदा दोन्ही हळूहळू खातं. म्हणून इथेनॉल चालणाऱ्या नळ्या घाल, कारबोरेटरचा किट नवा. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल तसंच ठेवू नको, इथेनॉल पाणी ओढतं. आपलाच ऊस कारखान्यात जातो आणि आपल्याच पंपाचा पडदा फाडून परत येतो, सांगायचं कुणाला!

चंदगडी
हिंदवाडीचा, कागदाचंही बघा. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात ठेवली की इथलं पासिंग करावं लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्यासाठी कोल्हापूरची एनओसी, फॉर्म २८. तीन अक्षरी नंबर बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर चढलेलेच नसतात, त्यामुळे आधी तिथे बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घेणं. मूळ आरसी बुक सापडलं का ते आधी विचारा. ते नसेल तर बाकी सगळं नंतर. माझ्या चुलत्यांना एका कार्यालयाने या एन्ट्रीसाठी पावसाळाभर खेटे घालायला लावले.

हिंदवाडीचा
धन्यवाद सगळ्यांना. व्हिंटेजचं डोक्यातून काढलं. आरसी बुक देव्हाऱ्यातल्या ट्रंकेत आहे म्हणे, रविवारी जाऊन बघतो. काका, गिअर स्टिअरिंगला आहे, माझी सवय सगळी खालच्या गिअरची. किती दिवसांत हात बसतो?

वडगावकर
हात बसतो लवकर. नंतर बायकोची गाडी चालवताना डावा हात हवेत जातो, तेवढं घरी सांगून ठेव. ड्रम काढलेस की फोटो टाक इथं, लायनर बघून सांगतो.