इटलीत १९४४ साली पडलेल्या जवानाचं नाव गावात दगडावर कोरायचं आहे, मजकूर पक्का कसा करायचा?

चिरेबंदी (प्रश्न)

गावातला एक तरुण मराठा पलटणीत होता, दुसऱ्या महायुद्धात 'इटलीच्या लढाईत' गेला. शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा दगड बसवायचा ठराव झालाय. हातात आहे ते इतकंच: हुद्दा नायक, एका जुन्या कागदावर '३/५' असा आकडा, साल १९४४ (सांगोवांगी), आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९२२. घरचे म्हणतात, कबर इटलीत आहे, तिचा फोटो मागवा.

१. नाव, तारीख, पलटण याची खात्री कुठे होईल?
२. कबरीचा फोटो मिळतो का?
३. दगड कोणता, अक्षरं कशी? बजेट फार नाही. आमच्याकडे पाऊस मुसळधार.

---

नोंदवही

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावरून करा. शोध फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना गेलेल्यांच्या नोंदी तिथे आहेत. लढाईत पडला की आजाराने गेला, याने फरक पडत नाही.

पहिल्या फटक्यात नाव सापडत नाही, याचं कारण बहुतेक वेळा तुमचं स्पेलिंग असतं. भारतीय जवानांचं पूर्ण नाव बऱ्याचदा आडनावाच्याच रकान्यात एकत्र टाकलेलं असतं. म्हणून आडनाव एकीकडे, नाव दुसरीकडे असं भरलंत की निकाल शून्य. आडनावाच्या रकान्यात नुसतं त्याचं स्वतःचं नाव टाका, सेना 'इंडियन आर्मी' निवडा, रेजिमेंट 'मराठा' ठेवा, पण इंग्रजीत 'मराठा'च्या आर आधी एच असतो हे विसरू नका (एम-ए-एच-आर...), तेव्हा पलटणीचं नाव तसंच लिहीत. सावंत डब्ल्यूने, व्हीने; जाधवचा शेवट व्हीने, ओने; यशवंत तर 'येशवंत' वाचावं असं लिहिलेलं. सगळे पर्याय घालून बघा.

गावाचं नाव जुन्या जिल्ह्याखाली शोधा. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा, सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता (दोन्ही बदल १९८१चे). संस्थानी मुलूख असेल तर जंजिरा, सावंतवाडी, भोर, औंध अशी नोंद असू शकते.

सापडलेल्या नोंदीतला सैनिक क्रमांक सगळ्यात मोलाचा. एकाच पलटणीत त्याच नावाचे चार-पाच जण सहज निघतात. घरात पदकं असतील तर त्यांच्या कडेवर भिंग लावून बघा, क्रमांक कोरलेला असला तर निम्मं काम झालं. तो घेऊन बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करा. अर्जात क्रमांक, हुद्दा, बटालियन, वडिलांचं नाव, गाव, तालुका हवं. नुसत्या नावावर उत्तराची आशा धरू नका.

आणि ती १ जून दगडावर नको. शाळेत घालताना गुरुजी सरसकट लिहीत ती तारीख आहे. वय कमिशनच्या नोंदीत असेल तर ते कोरा, नसेल तर वय सोडून द्या.

---

पलटणवाला

'३/५' म्हणजे ५ व्या मराठा लाईट इन्फंट्रीची ३ री बटालियन. कोरणारे हे उलटं तरी करतात नाहीतर तारीख समजून '३ मे' करतात, म्हणून दगडावर अक्षरात लिहा.

आता 'इटलीच्या लढाईत' या शब्दांवर भिस्त ठेवू नका. हीच ३/५ मार्च १९४१ मध्ये आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनला लढली, आणि तिथे समोर इटालियन फौज होती. घराघरात ते 'इटलीची लढाई' म्हणूनच सांगितलं जातं. ही बटालियन प्रत्यक्ष इटलीत १९४४ मध्ये, १० व्या इंडियन डिव्हिजनबरोबर आली. १/५ मात्र ८ व्या डिव्हिजनबरोबर १९४३ च्या शरदातच पोहोचली होती. तेव्हा तारीख आणि बटालियन एकमेकांशी जुळवून बघा. ३/५ चा माणूस आणि नोव्हेंबर १९४३ ला इटलीत सांग्रो नदीवर मृत्यू, असं दिसलं तर बटालियन तरी चुकली किंवा माणूस तरी दुसरा.

कबरीचं. हिंदू जवानांवर शक्य तिथे दहनसंस्कार होत, त्यामुळे बहुतेकांची कबर नसतेच. घरच्यांना हे आधीच नीट सांगा, नाहीतर फोटो आला नाही म्हणजे कुणी नोंदच ठेवली नाही असा समज होतो. इटलीत भारतीय जवानांची दहन-स्मारकं (दहन झालेल्यांची नावं असलेली) तीन: सांग्रो रिव्हर, फोर्ली आणि रिमिनी. ज्यांच्या देहाचा किंवा दफनाचा ठावठिकाणा नाही त्यांची नावं कॅसिनो मेमोरियलवर आहेत, चार हजारांच्या वर. १९४१चं प्रकरण निघालं तर केरेनचं दहन-स्मारक बघा. नाव स्मारकाच्या कुठल्या पॅनेलवर (नावांच्या पाटीवर) आहे हे नोंदीतच दिलेलं असतं. फोटो मागवायचा तो त्या पॅनेलचा.

घरच्यांना एक उदाहरण द्या. नायक यशवंत घाडगे याच ३/५ चे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. हे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन. मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून मशीनगनवरच्या उरलेल्या दोघांना लोळवलं. जिंकलेल्या त्या मोर्च्यातच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तरी त्यांचीही कबर नाही. नाव कॅसिनो मेमोरियलवर. माणगावला पुतळा आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीत मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं.

बटालियनची युद्धदैनंदिनीही धुंडाळता येते, संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे बराच साठा आहे. पण तिच्यात साध्या जवानाचं नाव क्वचितच येतं. 'आय.ओ.आर. १ ठार' एवढंच, म्हणजे इंडियन अदर रँक. त्या दिवशी पलटण कुठल्या टेकडीवर होती हे मात्र कळतं.

---

टाकी-छिन्नी

दगडाचं सांगतो. कोकणात असाल तर चौथरा जांभ्याचा करा, पण अक्षरं जांभ्यावर नको. तो सच्छिद्र, कडा धरत नाही. अक्षरांसाठी पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट. कोरलेला भाग आपोआप करडा-पांढरा दिसतो, रंगाची गरज नाही. सोनेरी रंग भरायचा आग्रह होईलच. दोन-तीन पावसाळ्यांत तो पापुद्र्याने सुटतो आणि मग अर्धं अक्षर सोनेरी, अर्धं काळं. मोडून काढा तो आग्रह.

३ फूट बाय २ फूट, जाडी ४० मि.मी. या मापाचा दगड साधारण ६० किलो भरतो. चार माणसं लागतील. मागे लोखंडी खिळे अजिबात नकोत, गंजून फुगतात आणि दगड कोपऱ्यातून फोडतात. स्टेनलेस स्टीलच्या पिना आणि इपॉक्सी. पाटी किंचित मागे कललेली ठेवा, वरची कड सीलबंद करा. पाणी मागे शिरलं की पाटी सुटलीच.

ठळक अक्षर ३० मि.मी. उंच, बाकी २५. खोली ३ मि.मी. सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने कोरणं) करणार असाल तर रबरी स्टेन्सिलमधले रफार, अनुस्वार आणि 'ज्ञ'मधले बारीक तुकडे उडतात. जाड शिरोरेषेचा टाइप निवडा आणि अनुस्वार मुद्दाम मोठा करून घ्या. कापण्याआधी खऱ्या मापाचा कागदी प्रिंट भिंतीला लावून, ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. दगडावर दुरुस्ती म्हणजे अख्खा पृष्ठभाग घासून परत पॉलिश.

आजचं रेजिमेंटचं चिन्ह किंवा अशोकस्तंभ कोरू नका, १९४४ ला यातलं काहीच त्याच्या टोपीवर नव्हतं. दगड पुरे. अर्धपुतळ्याचा विचार असेल तर जिल्हाधिकारी पातळीवरची परवानगी आणि बरीच वर्षं धरून चाला.

---

चिरेबंदी

नोंद मिळाली! ३/५, नायक, जुलै १९४४, कॅसिनो मेमोरियल. पण वडिलांचं नाव घरच्यांनी सांगितल्यापेक्षा वेगळं आहे. गाव बरोबर, फक्त स्पेलिंग विचित्र. कोरून टाकू का?

---

नोंदवही

थांबा. भरतीच्या वेळी चुलत्याने नेऊन उभं केलं असेल तर चुलत्याचं नाव लागलेलं असू शकतं, किंवा दत्तकाची भानगड असते. पण त्याच गावचा त्याच नावाचा दुसराही असू शकतो. तलाठ्याकडे त्या काळातले फेरफार काढा, वारस नोंदीत 'लढाईत मयत' असा शेरा मिळतो कधी कधी. रेकॉर्ड ऑफिसला आता सैनिक क्रमांकासकट लिहा.

कमिशनची नोंदच चुकीची निघाली तर तेही ती दुरुस्त करतात, मात्र तोंडी माहितीवर नाही. त्या काळचा कागद जोडावा लागतो. उत्तर येईपर्यंत चौथरा बांधून घ्या. मजकूर एवढाच ठेवा, वडिलांचं नाव जुळलं तर दुसऱ्या ओळीत घाला:

नायक (पूर्ण नाव)
सैनिक क्र. (नोंदीप्रमाणे)
तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाईट इन्फंट्री
मौजे (गाव), तालुका (नाव)
इटलीतील युद्धात मृत्यू, (तारीख) जुलै १९४४
नाव कोरलेले: कॅसिनो मेमोरियल, इटली

खाली देणगीदारांची यादी नको. ती हवीच असेल तर चौथऱ्याच्या मागच्या बाजूला.