फडातूनच मत देता येईल असे मोबाइल ॲप: ओटीपी, चेहरा आणि ब्लॉकचेन एवढे पुरेल का?

प्रश्न: अंतिमवर्ष_बीड

मी संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला आहे आणि आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. 2024 साली साखर कारखान्यांचा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते. त्यामुळे आमच्या वस्तीवरची बरीच माणसे मतदानाच्या दिवशी कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात ऊस तोडत होती. ज्यांच्यासाठी गाडीची सोय झाली ते येऊन मत देऊन गेले, बाकीच्यांचे राहिले. गाडी कोणी केली होती हे वेगळे सांगायला नको.

या माणसांना आहे त्या ठिकाणाहून मत देता यावे म्हणून आमच्या चौघांच्या गटाने ॲपचा आराखडा केला आहे. मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकायचा, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल, पुढच्या कॅमेऱ्याने चेहरा पडताळला जाईल, मग उमेदवारांची यादी दिसेल आणि दिलेले मत कूटबद्ध होऊन खासगी ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून बदलता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीत, नोंदले जाईल. बिहारमध्ये 28 जून 2025 रोजी नगरपालिका निवडणुकीत मोबाइल ॲपवरून प्रत्यक्ष मतदान झाले आणि त्याआधी ऑक्टोबर 2021 मध्ये तेलंगणातील खम्मम येथे अशाच मतदानाची चाचणी झाली होती, म्हणजे कल्पना अशक्य कोटीतली नाही. तरीही आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी "यात मतदार कोण हे सिद्ध झाले, मतदान कुठे सिद्ध झाले?" असा शेरा मारून आराखडा परत केला. त्यांचा रोख नेमका कशावर आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: निवृत्त_केंद्राध्यक्ष

माझी नोकरी शिक्षकाची, पण मतदान केंद्रावर इतक्या वेळा बसलो आहे की कागदपत्रांची पाकिटे झोपेतही ओळखीन. संगणकातले मला फारसे कळत नाही. तुमच्या आराखड्यात केंद्रावरच्या कोणत्या गोष्टी गळल्या आहेत, तेवढे सांगतो.

अंध किंवा अपंग मतदाराला स्वतः बटण दाबता येत नसेल, तर तो सोबती आणू शकतो. हा सोबती अठरा वर्षांपुढचा असावा लागतो, मत गुप्त ठेवण्याचे प्रतिज्ञापत्र त्याला भरून द्यावे लागते आणि त्या दिवशी त्याला एकाहून अधिक मतदारांचा सोबती होता येत नाही. या शेवटच्या अटीवरून केंद्रावर जेवढी भांडणे होतात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून होतात, कारण एकाच पुतण्याने गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना "मदत" करायची, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. तुमच्या ॲपमध्ये त्या पुतण्याला कोण अडवणार? बिहारमध्ये एका मोबाइल क्रमांकावरून दोनच मतदारांना नोंदणीची मुभा ठेवली होती, ती याच धास्तीने असावी असे मला वाटते.

दुसरे म्हणजे, मतदार केंद्रावर येतो आणि त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलेले असते. अशा वेळी त्याची ओळख पटली तर त्याला यंत्रावर मत देता येत नाही, परंतु प्रदत्त मतपत्रिका दिली जाते आणि ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते. एखाद्या मतदाराच्या ओळखीवर मतदान प्रतिनिधीला आक्षेप घ्यायचा असेल, तर दोन रुपये भरून तो घेता येतो आणि केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. हे दोन रुपये आजकाल हास्यास्पद वाटतात खरे. पण तक्रार कोणापुढे करायची आणि तिचा निकाल कोण देणार, याचे उत्तर त्या खोलीतच मिळते. तुमच्या मतदाराला पडद्यावर "आपले मत यापूर्वीच नोंदले गेले आहे" असे दिसले, तर त्याने पुढे काय करायचे?

तिसरी गोष्ट अभिरूप मतदानाची. मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमोर किमान 50 मते देऊन, यंत्राचा निकाल आणि चिठ्ठ्या जुळवून, यंत्र पुन्हा शून्यावर आणावे लागते. विरोधी पक्षाचा माणूस शेजारी बसून ते शून्य डोळ्यांनी पाहतो. तुमच्या ॲपमधले शून्य कोण पाहणार?

उत्तर 2: कूटलेखन_पुणे

केंद्राध्यक्षांच्या शेवटच्या प्रश्नातच तुमच्या प्राध्यापकांच्या शेऱ्याचा अर्थ आहे. मी सुरक्षा परीक्षणाचे काम करतो आणि दर वर्षी एखादा तरी गट असाच आराखडा घेऊन येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बँकेच्या ॲपची सवय असल्याने आपल्याला वाटते की पैसे सुरक्षित जातात तर मतही जाईल. परंतु बँकेचा व्यवहार चुकला तर पासबुकात तो दिसतो, तक्रार करता येते आणि रक्कम परत फिरवता येते. मताचे पासबुक ठेवता येत नाही. आपले मत कोणाला गेले याची दाखवण्याजोगी पावती मतदाराच्या हाती आली, तर तीच पावती मत विकत घेणारा मागणार. मत बरोबर मोजले गेले याची खात्री मतदाराला हवी, पण तिसऱ्याला पटवता येईल असा पुरावा त्याच्याकडे नको. खरी अवघड मागणी ही आहे. ओटीपी आणि चेहऱ्याची पडताळणी तिला स्पर्शही करत नाहीत.

ब्लॉकचेनविषयी माझे मत कडवट आहे, ते तसेच मांडतो. नोंद झाल्यानंतर ती बदलली जाऊ नये एवढे ते सांभाळते. फोनमध्ये शिरलेल्या घातक प्रणालीने नोंदीपूर्वीच मत बदलले, तर चुकीचे मत अत्यंत सुरक्षितपणे कायमचे जतन होईल. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2018 मध्ये परदेशस्थ सैनिकांसाठी ब्लॉकचेनवर आधारलेले 'वोट्झ' हे ॲप वापरले. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी त्याचे विश्लेषण केले, तेव्हा फोनचा ताबा मिळवणाऱ्याला मत पाहता आणि बदलता येईल असे आढळले आणि राज्याने ते ॲप बाजूला ठेवले. मॉस्कोच्या 2019 च्या ऑनलाइन मतदान प्रणालीतही ब्लॉकचेन होती. तिच्या चाचणीच्या काळातच एका फ्रेंच संशोधकाने तिचे कूटलेखन साध्या संगणकावर वीसेक मिनिटांत फोडले, कारण किल्ल्यांची, म्हणजे मत कुलूपबंद करणाऱ्या व उघडणाऱ्या संख्यांची, लांबी 256 बिटांहूनही कमी ठेवली होती. तुमच्या किल्ल्यांची लांबी किती आहे, हे आराखड्यात कुठेही लिहिलेले नाही.

अभिरूप मतदानाला मात्र कूटलेखनात एक सुंदर पर्याय आहे. ॲप मत कूटबद्ध करून त्याचा संक्षिप्त अंक (त्या कूटबद्ध मताची छोटी खूण) पडद्यावर दाखवते आणि तिथे थांबते. आता मतदार "नोंदवा" म्हणू शकतो किंवा "उघडून दाखव" म्हणू शकतो. उघडायला सांगितले, तर ॲपला कूटबद्ध करताना वापरलेली यादृच्छिक संख्या जाहीर करावी लागते, दुसऱ्या स्वतंत्र उपकरणावर तो हिशेब पडताळता येतो आणि ते मत रद्द होऊन नवे द्यावे लागते. मतदार कोणता पर्याय निवडणार हे ॲपला आधी ठाऊक नसल्याने लबाडी करणारे ॲप हजारो मतदारांमध्ये केव्हातरी पकडले जाते. केंद्रावर अभिरूप मतदान सकाळी एकदाच होते, इथे प्रत्येक मतदाराला ते मनात येईल तेव्हा करता येते. तुमच्या प्रकल्पात एवढा एकच भाग नीट बांधलात, तरी मी त्याला पूर्ण गुण देईन.

पण हे सगळे करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत असेल. फडातल्या एका टोळीत स्मार्टफोन किती असतात आणि ते कोणाच्या हातात असतात?

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: अंतिमवर्ष_बीड

आपण विचारलेले काल रात्री आईला फोनवर विचारले. त्यांच्या टोळीत नऊ कोयते आहेत, म्हणजे नवरा-बायको धरून अठरा माणसे. चांगले फोन पाच, त्यातले दोन मुकादमाच्या घरचे, आणि सगळे फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतात, तेही मुकादमाच्याच ट्रॅक्टरच्या. उचल त्याच्याकडूनच घेतलेली असते. ॲपची कल्पना समजावून सांगितल्यावर आईने एवढेच विचारले, "मग मुकादमाला कळंल का मी कुणाला दिलं ते?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर 3: टालिनचा_मराठी

मी नोकरीनिमित्त एस्टोनियात राहतो. हा देश 2005 पासून इंटरनेटवरून मतदान घेतो आणि 2023 च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते ऑनलाइन आली. मतदानाच्या आठवड्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने कार्यालयातच लॅपटॉपला ओळखपत्र जोडले, एक पिन ओळखीसाठी आणि दुसरा पिन सहीसाठी टाकला आणि मत दिले. मी शेजारीच होतो हे लक्षात आल्यावर मलाच अवघडल्यासारखे झाले. तो म्हणाला की साहेबांनी समोर बसवून मत द्यायला लावले, तर मी घरी जाऊन पुन्हा देईन आणि शेवटचे तेवढे मोजले जाईल. केंद्रावर जाऊन कागदावर दिले, तर ऑनलाइन दिलेले आपोआप रद्द होते. मत योग्य पोहोचले का हे फोनवरच्या वेगळ्या ॲपने तपासता येते, पण तेही अर्ध्या तासाच्या आतच, म्हणजे ती तपासणी विक्रीची पावती होऊ नये.

ही सोय आपल्याकडे उचलून आणण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पुन्हा मत द्यायचे तर मतदाराकडे स्वतःचा फोन आणि एकांत हवा. आपल्या आईंच्या टोळीत दोन्ही नाहीत. शिवाय इथे सगळा डोलारा सरकारी ओळखपत्रातल्या चिपवर उभा आहे आणि 2017 मध्ये त्याच चिपमध्ये दोष निघाल्याने सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली होती. तेरा-चौदा लाख लोकसंख्येच्या देशाने तो फटका निभावला.

उत्तर 4: निवृत्त_केंद्राध्यक्ष

आपल्या आईंच्या प्रश्नावर माझ्याकडे जुनेच उत्तर आहे: पुठ्ठ्याचा आडोसा. तीन बाजूंनी झाकलेल्या त्या कोपऱ्यात मुकादमाला शिरता येत नाही आणि शिरला तर त्याला बाहेर काढायला पोलीस दाराशी असतो.

निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये राजकीय पक्षांसमोर दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना ठेवला होता. एकाच केंद्रावरून 72 मतदारसंघांचे मतदान घेता येईल अशी त्याची रचना होती. पक्षांचे आक्षेप बरेच होते आणि ते पुढे सरकले नाही, पण ऊसतोड मजुरांसाठी मला तीच वाट अधिक जवळची दिसते. साखर कारखान्याच्या तालुक्यात एक केंद्र, तिथे बीडच्या मतदारसंघांचे यंत्र आणि मुकादमाशिवाय नेणारी गाडी. तसेच बिहारचे मतदान राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीतील नगरपालिकांचे होते. विधानसभा आणि लोकसभेसाठी केंद्रीय कायदा व नियम बदलावे लागतील, हेही अहवालात लिहा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: अंतिमवर्ष_बीड

सर्वांचे मनापासून आभार. फोनवरून मत देण्याचा भाग आम्ही काढून टाकत आहोत. ॲपमध्ये मजुराने "या हंगामात मी अमुक तालुक्यात आहे" अशी आगाऊ नोंद करायची आणि त्याला जवळचे केंद्र कळायचे, एवढेच ठेवू. "उघडून दाखव" ही पद्धत वेगळा नमुना म्हणून महाविद्यालयातील विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडीत वापरून पाहणार आहोत. त्यासाठी एक शंका आहे: मतमोजणीची किल्ली तीन प्राध्यापकांमध्ये वाटायची ठरवली, तर तिघांच्याही किल्ल्या लागाव्यात असे ठेवावे का?

उत्तर 5: कूटलेखन_पुणे

तसे करू नका. कूटलेखनाच्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2025 मधल्या स्वतःच्या निवडणुकीत नेमके हेच केले होते. तीन विश्वस्तांपैकी एकाची किल्ली हरवली, निकाल उघडताच येईना आणि निवडणूक नव्याने घ्यावी लागली. त्यानंतर त्यांनी तिघांपैकी कोणतेही दोन पुरतील अशी व्यवस्था केली. तुम्ही पाच जणांत वाटा आणि तिघे पुरतील असे ठेवा. त्या पाचांत दोन विद्यार्थी घ्या, शक्यतो एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या गटांतले.