मुलांचा लठ्ठपणा: अडचण वेळेची की डॉक्टरांच्या संकोचाची?

मूळ मत (एक फॅमिली डॉक्टर)
मुलांच्या लठ्ठपणाला पहिला आळा फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात बसावा, अशी अपेक्षा असते आणि तो बसला नाही की खापर डॉक्टरच्या उदासीनतेवर फुटते. मला हे मान्य नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या सूचनांनुसार आहार, हालचाल आणि सवयी बदलण्याचा उपचार गुणकारी ठरायचा, तर ३ ते १२ महिन्यांत मूल व कुटुंबासोबत किमान २६ तास द्यावे लागतात. माझ्याकडे एका रुग्णाच्या वाट्याला दहा मिनिटे येतात, म्हणजे एका मुलासाठी दीडशेहून अधिक भेटी झाल्या. ताप-खोकल्यासाठी आलेल्या मुलाच्या वजनाचा विषय मी काढतो तेव्हा बाहेर बाकावर आठ जण ताटकळत असतात, हे टीकाकारांनी एकदा येऊन पाहावे.

प्रतिसाद (एक बालरोगतज्ज्ञ)
२६ तास उपचाराला लागतात. ओळखायला एक मिनिट पुरते, आणि आपण तेही देत नाही. औषधाची मात्रा ठरवायची म्हणून वजन घेतले जाते, उंचीची पट्टी मात्र भिंतीवर नुसती लटकत असते. उंचीशिवाय बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, निघत नाही, आणि निघाला तरी वयाच्या आलेखावर मांडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वर्षांसाठीच्या २००७ च्या आलेखानुसार २१ हा बीएमआय पंधरा वर्षांच्या मुलात सर्वसामान्य असतो, आठ वर्षांच्या मुलात मात्र तो लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे जातो. नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही, कारण आपल्या नजरेलाही गुटगुटीतपणाची सवय झालेली असते. शिवाय लहान वयात बहुतेकदा वजन उतरवावे लागत नाही. ते काही काळ आहे तिथे रोखून धरले तरी उंची वाढते आणि बीएमआय आपोआप खाली येतो. ही सवलत वयाबरोबर संपते. ‘मोठा झाला की उंचीत निघून जाईल’ असे पालक म्हणतात आणि आपण मान डोलावतो, त्यात नेमकी हीच वर्षे जातात.

प्रतिसाद (एक पालक)
त्या एका मिनिटाचा अनुभव मी घेतला आहे. कान दुखतो म्हणून नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवरून नजर न उचलता, तिच्यासमोरच, ‘हिचे खाणे जरा आवरा’ असे सांगितले. मुलगी फ्रॉक पोटावरून खाली ओढत राहिली, आणि पुढे वर्षभर दवाखान्याचे नाव काढले की रडू लागे. आम्ही तिथे जाणेच सोडले. ‘वजनाबद्दल बोलले तर चालेल का’ एवढे मला आधी विचारायला आणि तिला क्षणभर बाहेर बसवायला किती वेळ लागला असता? वेळ नाही हे मला पटते, पण असे बोलण्यापेक्षा गप्प राहिलेले परवडते.

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ)
ते बोलणे चुकलेच, त्याचे समर्थन नाही. पण म्हणून गप्प राहायचे म्हटले, तर रक्तदाब आणि यकृतावरची चरबी वाढत राहते आणि विषय बाराव्या वर्षानंतर थेट औषधांवर येतो. औषधांना माझा विरोध नाही. केवळ आधी कोणी तोंड उघडले नाही म्हणून ती सुरू करावी लागली, तर मात्र खंत वाटेल.

प्रतिसाद (मूळ मत मांडणारे)
उंचीची पट्टी नुसती लटकते, हे माझ्या दवाखान्यालाही लागू आहे. ती उद्यापासून वापरात येईल. बोलण्याच्या पद्धतीबद्दल पालकांचे म्हणणेही मी मान्य करतो. वेळेचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. उंची मोजली, आलेखावर बिंदू मांडला, आईवडिलांशी सन्मानाने बोललो, आणि ‘आता आम्ही काय करायचे?’ असे त्यांनी विचारले, की माझ्या हाती आहारतज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी तेवढी उरते. तिथली तारीख चार महिन्यांनंतरची मिळते, आणि मुलाच्या मनाचे ऐकून घेणारे कोणी त्या चिठ्ठीवर नसतेच. ते २६ तास कोणी, कुठे आणि कोणाच्या पैशाने द्यायचे, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.