पन्नास स्केच म्हणजे फी उकळायचा धंदा? मग ऐकाच

साखरपेठ मास्तर
काल इथं कुणीतरी लिहिलं, "लोगो शिकवून येत नसतो, पोरांना कॉम्प्युटरवरचं चित्र काढायचं कोरल सॉफ्टवेअर शिकवा, आठ दिवसात कमावतील, कागदावर पन्नास स्केच म्हणजे फी उकळायचा धंदा." रात्री झोप लागली नाही. मागच्या महिन्यात माझ्या लोगोच्या वर्गाला शेंगा चटणीवाल्या मावशींचा लोगो दिला, आधी कागदावर पन्नास स्केच काढायला लावले, पहिल्या पाच-सहा कागदांवर सगळ्यांची तीच मिरची, तोच शेंगदाणा, जे वर तरंगत असतं तेच आधी उतरतं ना. मग पोरांना चटणी कुटतात तिथं नेऊन तासभर नुसतं बसवलं. बाविसाव्या स्केचला एका पोरीनं उखळ वरून बघितल्यासारखं काढलं, जाड गोल आणि आत तिरकं मुसळ, बस. नखाएवढं छापलं तरी कळतं. फोटो टाकलाय, बघा.

फ्लेक्सवाला नवी पेठ
मीच लिहिलं होतं मालक. माझ्याकडं गिऱ्हाईक ३०० रुपये काढतं आणि चहा संपायच्या आत लोगो मागतं. असंच एक क्लासचं पोरगं ठेवलं होतं, पेन्सिल टोकत बसलं, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. आणि नाइकीचा लोगो १९७१ला एका विद्यार्थिनीनं ३५ डॉलरमधी दिलाय, तिला कुणी पन्नास स्केच मागितले?

विजापूर वेस
ती डिझाइनच शिकत होती बे! तासाला २ डॉलर दर होता, कर हिशोब, साडेसतरा तास. कुठला चहा इतका वेळ चालतो?

जकार्डवाल्याची लेक
माझे वडील चादरीची नक्षी ग्राफ पेपरवर भरायचे, चौकोन न् चौकोन, मग त्यावरून जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, कार्ड पंच व्हायचे. एक भोक चुकलं की नक्षीत तिथं चूक विणली जायची, म्हणून आधी कागदावर चार-चार दिवस. त्याला कुणी फी उकळणं म्हणलं नाही.

विजापूर वेस
आणि त्या चादरीचं झालं काय? पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपतोय. जीआय आहे, म्हणजे ही चादर सोलापूरचीच अशी सरकारी नोंद, उपयोग काय?

जकार्डवाल्याची लेक
जीआय कागदावर असतो, गिऱ्हाइकाला लांबनं ओळखू येणारी खूण लागते, तीच आपण कधी नीट बसवली नाही, याला लोगोच म्हणतात.

फ्लेक्सवाला नवी पेठ
लोगोनं माग चालत नसतात ताई. सूत महाग, वीज महाग, कामगार मिळंना. माझ्या चुलत्यानं चार माग भंगारात घातले, तवा कुठला लोगो आडवा आला?

जकार्डवाल्याची लेक
आमचे पण गेले. मला शिकवू नका.

साखरपेठ मास्तर
दोघंही खरं बोलताय, पण पोरांचं काय ते बोला.

फ्लेक्सवाला नवी पेठ
उखळ बघितलं मोठं करून. चांगलंय, मान्य, कोरलमधी बसून सुचलं नसतं. पण मुसळ आणि गोलाच्या मधली फट बारीक आहे, पिशवीवर एकरंगी छपाईत शाई भरून नुसता काळा ठिपका होईल. नखाएवढं कळतं म्हणताय, छापून बघितलंय का?

साखरपेठ मास्तर
नाही बघितलं. शनिवारी येऊन पोरीला समोर सांगा.

फ्लेक्सवाला नवी पेठ
शनिवारी दुकान असतं. रविवारी सकाळी येतो, छापलेली पिशवी घेऊनच.